झोपेचं कलम

सैनिकी कायद्यात झोपेला कलम आहे. छत्तिसावं.
पहाऱ्यावर डोळा लागला, तर गुन्हा.
ते मी कामठीला पाठ केलं,
परीक्षेच्या आदल्या रात्री, तोंडावर पाणी मारत.

त्याआधी मला माहीत असलेली कलमं
पावसच्या सड्यावर होती, दोनशे अकरा,
बुंध्यांना चुना, चुन्यावर डांबराचे नंबर.
बा रात्री बॅटरी घेऊन मोजत फिरायचा,
एक, दुई, तीन.
त्याचं नाव गगन साउद, गाव अछाममध्ये,
तीन दिवस, चार गाड्या.
लिमयांच्या पगारवहीत नुसतं: गुरखा.

लिमयेकाकांनीच शिकवलं मला कलम बांधायला.
रायवळाचा खुंट, हापूसची काडी,
पट्टी घट्ट, आणि सारखं सोडून बघायचं नाही.
झाड कितीही वाढलं
तरी सांधा दिसतोच, वीतभर उंचीवर.
अजून कुणी विचारतं, मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?
मी म्हणते, पावस.
मग ते जरा थांबतात, डोळ्यांकडे बघतात,
आणि पुन्हा विचारतात.

दहा दिवसांची रजा. आज चौथा.
मंदार मिरकरवाड्याहून येतो,
कुणाच्या तरी ट्रॉलरचं इंजिन नखांत घेऊन,
साबणाने हात घासता घासता विचारतो, किती उरले?
त्याला माहीत असतं. तरी विचारतो.
सानूच्या शाळेचा फॉर्म भरायचा होता.
आईचा व्यवसाय: वकील. खोडलं. लष्करात. खोडलं.
बाई म्हणाल्या, एकच लिही.
तिने लिहिलं: सुट्टीवर.
मंदार हसला. मीही हसले,
आणि मोरीत जाऊन उगाच बादली भरत बसले.

बॅगेत फाईल आहे.
शिपाई, वय वर्षं बावीस,
दारूगोळ्याच्या कोठाराचा पहारा,
तीन दहा ते तीन तीस.
वीस मिनिटं.
सरकारची बाजू मी मांडायची आहे.
साक्षीपुरावा चोख. पोरगा काही बोललेला नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा
एका रात्रीत सतरा कलमं झोडून नेली कुणीतरी,
कच्च्या कैऱ्या, सडाभर पाला.
लिमयेकाका ओरडले नाहीत.
शांतपणे विचारलं, झोपला होतास?
बा म्हणाला, नाही साब.
हंगामाचा पगार कापला गेला.
आमा कोळंबी सोलायला जाऊ लागली,
बर्फात हात, रात्री ती ते चुलीपुढे धरून बसायची.
सहावीची वह्या-पुस्तकं त्या हातांची.
वास जायचा नाही पानांचा.
आमा गेली त्याला आता सहा वर्षं होतील.
मी तेव्हा जम्मूत होते, एका खटल्यात, तारीख मिळत नव्हती.

आज दुपारी विचारलं.
बा, त्या रात्री तू झोपला होतास?
विचारलं आणि कळलं,
आवाज घरातला राहिला नव्हता.
त्याने तंबाखूला चुना लावला,
बराच वेळ मळत राहिला.
झोपलो होतो, म्हणाला.
का?
मी थांबले. ताप असेल, दोन पाळ्या असतील,
माझं काही दुखत असेल, रडले असेन मी रात्रभर;
काहीही चाललं असतं मला.
का म्हणजे? झोप आली.
मग नळाकडे बघत म्हणाला,
चांगली लागली होती गं. तशी पुन्हा नाही लागली.

आता रात्र. सानू माझ्या दंडावर,
हाताला मुंग्या आल्यात, काढून घेतला तर उठेल.
बाग अर्धी विकली लिमयांच्या मुलाने,
तिथे प्लॉटांचे दगड रोवलेत.
चौऱ्याण्णव कलमं उरली.
पगार कधीचा बंद. तरी दोन वाजता
बाच्या बॅटरीचा उजेड भिंतीवरून सरकतो,
मंदारच्या पाठीवरून, हँगरवरच्या गणवेशावरून,
आणि बाहेर जातो.

तेत्तीस, चौंतीस.
पैंतीस.
मग काहीच ऐकू येत नाही.
मी उठून बघायला जात नाही.